म्हातारपणी स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहरात आणि आजूबाजूच्या गावांत घरी जाऊन फिजिओथेरपी देते, तेव्हा समोर आणि नंतर व्हॉट्सअपवर हेच प्रश्न परत परत येतात. काही आजी-आजोबांचे स्वतःचे, बरेचसे पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांचे आणि घरी असलेल्या सुनांचे. माझं मत आधीच सांगून टाकते, खालची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत : वय जेवढं हिरावून घेतं त्यात आपण घरचे प्रेमापोटी अजून भर घालतो. हातातलं काम काढून घेऊ नका, ते करायची पद्धत बदला.

१. "स्वावलंबी" म्हणजे नक्की काय? आमचे आबा चांगले चालतात-फिरतात, मग झालं की?

चालणं हा त्यातला एक भाग. डॉक्टर लोक साधारण दोन याद्या वापरतात. एक १९६३ ची, कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची, त्यात ६ गोष्टी : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-संडासवर ताबा आणि हातानं जेवणं. दुसरी १९६९ ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची, त्यात फोन लावणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, गोळ्या वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार. दुसऱ्या यादीतलं आधी सुटायला लागतं आणि पहिल्या यादीत बहुतेक वेळा अंघोळीपासून सुरुवात होते. त्यामुळं आबा पोवई नाक्यापर्यंत चालत जाऊन येतात पण अंघोळीची बादली दुसऱ्यानं उचलून द्यावी लागते, पासबुक भरायला नातू लागतो, तर आता लक्ष द्यायला पाहिजे. आणि आबांनी जन्मात कधी चहाच केला नसेल तर तो करता न येणं यात धरू नका. आधी करायचे आणि आता सुटलं, तेवढंच मोजा.

२. घरच्या घरी तपासायची काही सोपी पद्धत आहे का?

आहे, दोन आहेत. पहिली खुर्चीची. बिनहाताची, साधारण १७ इंच उंच, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लॅस्टिकची नको, घसरते), दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या बाईंना ११ आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी जमलं, ७० ते ७४ ला १० आणि १२ पेक्षा कमी, ७५ ते ७९ ला १० आणि ११ पेक्षा कमी, ८० ते ८४ ला ९ आणि १० पेक्षा कमी, तर पायातली ताकद वयाच्या मानानं कमी आहे आणि पडायचा धोका जास्त. हाताचा आधार घ्यावाच लागला तर आकडा शून्य धरतात.

दुसरी, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या चपला घालून, काठी असेल तर काठीसकट. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर काळजी घ्यायची. दोन्ही करताना शेजारी कोणीतरी उभं पाहिजेच. तीन महिन्यांनी परत करा आणि आकडा वहीत लिहून ठेवा, कारण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा फरक दिसत नाही.

३. मी रोज सकाळी तासभर फिरतो. तेवढं पुरतं ना?

फिरणं सोडू नका, पण एकट्या फिरण्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळायचे. आपल्याकडं सगळे पहिल्यावरच थांबतात. सपाट रस्त्यावर तासभर चालणारे काका संडासातून उठताना दाराची कडी धरतात, हे मी कितीतरी घरांत बघते.

सातारकरांची एक सोय आहे, गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय त्यामुळं चढ शोधायला लांब जावं लागत नाही. चार भिंती या स्मारकाकडं जाणारा चढ हळूहळू चढणं हा ताकदीचाच व्यायाम आहे. फक्त उतरताना सांभाळा, उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूवर ताण येतो आणि गुडघा वळतो, घसरायचं होतं ते बहुतेक तिथंच. लहान पावलं टाका, आणि दम लागला तरी बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा. छातीत दुखत असेल, चढावर जबडा किंवा डावा हात भरून येत असेल तर फिरणं थांबवून आधी हृदयाचे डॉक्टर गाठा.

४. मग ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम म्हणजे काय करायचं? जिमला जायचं का?

जिम नको, स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. ओटा धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, १० वेळा. खुर्चीतून उठ-बस, १० वेळा, बसताना धप्पकन न पडता मनात चार मोजत खाली यायचं, खरी ताकद त्या खाली येण्यातच तयार होते. ओटा धरून एक पाय बाजूला उचलायचा, मग दुसरा. तोलासाठी एका पावलाच्या पुढं दुसरं पाऊल, टाचेला बोटं लावून, १० सेकंद उभं राहायचं, आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग नुसती बोटं टेकवून. चहा उकळेपर्यंत होतं सगळं.

एक मात्र आहे, सोपं वाटायला लागलं की वाढवायचं. दोन वर्षं तेच १०-१० करत राहिलं तर तिथंच राहतं.

५. आईचं वय ८४. आता या वयात काय ताकद वाढणार?

वाढते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून पायाचे वजनाचे व्यायाम ८ आठवडे करून घेतले होते. एकानं मध्येच सोडलं, राहिलेल्या ९ जणांची पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि चालही सुधारली. अट एवढीच की व्यायाम झेपेल तेवढा पण खरोखर जड पाहिजे आणि कोणीतरी शिकवणारं पाहिजे. त्या अभ्यासात व्यायाम थांबवल्यावर ताकद उतरायलाही लागली होती, म्हणजे जेवणासारखं हे रोजचंच आहे.

६. गुडघे दुखतात. मांडी घालून बसणं, इंडियन संडास, हे सगळं बंद करू का?

सरसकट बंद नको. ज्यांना खाली बसून हात न टेकता किंवा एक हात टेकून उठता येतं त्यांनी ते चालू ठेवावं, ते सुटलं की परत आणायला फार मेहनत पडते. दुखत असेल तर उंची वाढवा : जमिनीऐवजी पाट, पाटाऐवजी चौरंग, चौरंगाऐवजी खुर्ची, आणि दुखणं कमी झालं की परत एक पायरी खाली येऊन बघा. सूज आली असेल, गुडघा अडकत असेल तर थांबा.

अपवाद : गुडघ्याचा सांधा बदललाय तर किती वाकायचं ते तुमच्या सर्जनलाच विचारा. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर बुटक्या स्टुलावर आणि जमिनीवर बसणं बहुतेकांना सुरुवातीला मनाच असतं, तिथं माझं वरचं काही लागू नाही.

७. सासूबाईंना काम करू द्यायचं का? लोक म्हणतात या वयात राबवताय म्हणून.

हा प्रश्न सुना रात्री उशिरा मेसेज करून विचारतात, दिवसा विचारायची सोय नसते. माझं उत्तर स्पष्ट आहे, करू द्या. लोकांना सांगा फिजिओनं सांगितलंय.

कोरेगावकडच्या एका घरातलं सांगते. आजींना उभं राहवेना म्हणून भाकरी थापणं सुनेनं काढून घेतलं, का तर तव्याजवळ पडल्या तर काय. काळजी बरोबरच होती. पण पाच-सहा महिन्यांत आजी दिवसभर कॉटवर, मग पाणी पण हातात, मग जेवण पण हातात. आम्ही एवढंच केलं, परात टेबलावर आणली, खाली ओला पंचा ठेवला म्हणजे परात सरकत नाही, आजी उंच स्टुलावर बसून पीठ मळणार आणि थापणार, तव्यावर टाकणं आणि पाणी फिरवणं सुनेकडं. पीठ मळताना खांदे, मनगटं, पाठ सगळं चालतं आणि भाकरी कुणाला किती लागणार हा हिशोब पण त्यांच्याकडंच परत आला. नंतर पिठाचा डबा आणायला त्या स्वतःच उठायला लागल्या.

म्हणजे काम तोडायचं. धोक्याचा तुकडा आपण घ्यायचा, बाकीचा त्यांना ठेवायचा. पूर्ण कळशी झेपत नाही तर निम्मी भरा. शेतावर जाणं सुटलं असेल तर गोठ्यात वैरण टाकणं राहू दे, पण मारकी म्हैस असेल तर तिच्यापाशी नको. आणि नुसतं लसूण सोलायला बसवून "बघा, देतो की काम" म्हणू नका, उठायला-चालायला लागेल असं काहीतरी पाहिजे. वेळ दुप्पट लागणार. शर्टाची बटणं लावायला बाबांना सात मिनिटं लागतात आणि तुम्हाला ऑफिसची घाई असते हे मला कळतं, तर मग त्यांना पंधरा मिनिटं आधी सुरुवात करू द्या, पण बटणं त्यांनीच लावायची.

स्मरणशक्तीचा त्रास असेल तर प्र. १५ बघा.

८. बाथरूममध्ये काय काय बदल करायचे? फोडाफोड करायला लागेल का?

बऱ्याच गोष्टी न फोडता होतात. आधी ओलं आणि कोरडं वेगळं करा, अंघोळीनंतर पाणी वायपरनं ओढून टाका आणि आठवड्यातून एकदा शेवाळ-साबणाचा थर ब्रशनं घासा. पाय न घसरणारा रबराच्या बुचांचा स्टूल किंवा खुर्ची, बसून अंघोळ. बादली जमिनीवर ठेवली की वाकून पाणी घ्यावं लागतं आणि तोल तिथंच जातो, म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर, तांब्या लहान. जुन्या घरांत बंब मोरीपासून लांब असतो आणि गरम पाणी उचलून आणावं लागतं, ते काम मात्र दुसऱ्यानं करायचं.

आधाराचा स्टीलचा दांडा ड्रिल मारून भिंतीत पक्का बसवायचा, संडासाशेजारी एक आणि अंघोळीच्या जागी एक. टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे, माणसाचं वजन पडलं की तो स्क्रूसकट बाहेर येतो. नळाला धरून उठायची सवय असेल तर तीही मोडा.

कडी आतून लावू नये. लाज वाटत असेल तर बाहेर पाटी अडकवा, किंवा बाहेरून उघडता येणारं लॅच बसवा. दार आत उघडत असेल आणि माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही, म्हणून जमलं तर दार बाहेर उघडणारं करून घ्या, सुताराचं दिवसभराचं काम आहे. कॉटपासून संडासापर्यंत रात्रभर बारीक दिवा. अंगणापलीकडं संडास असेल तर रात्रीपुरतं खोलीत कमोडची खुर्ची ठेवा आणि दिवसा त्यांना चालत जाऊ द्या.

९. एकदा पडल्यापासून बाबा बाहेरच पडत नाहीत. जबरदस्ती करू का?

जबरदस्ती नको पण सोडून पण देऊ नका. भीतीनं बसून राहिलं की पाय कमजोर होतात आणि मग खरंच पडायचा धोका वाढतो. आधी का पडले ते शोधा : चक्कर (प्र. १०), नजर, चपला, अंधार, गोळ्या. पायातली स्लीपर मागं पट्टा नसलेली असेल तर ती आजच बदला. मग अंतर वाढवत न्या, दारापर्यंत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग पुढं. बरोबर चालताना त्यांचा दंड धरून ओढू नका, तुमचा हात पुढं करा आणि त्यांना धरू द्या.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

१०. पहाटे उठल्यावर आईला गरगरतं. बीपी तर नॉर्मल येतं.

बसून घेतलेलं बीपी नॉर्मल असेल, उभ्यानं घ्या. पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर गरगरण्याचं कारण तेच असू शकतं. बीपीच्या, लघवीच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असं होतं, कमी पाणी पिण्यानं पण होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत उठताना आधी पायाचे पंजे हलवायचे, कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर गरगरताना शुगर पण तपासा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखर द्या.

११. जेवणात काय बदल करावा? पचत नाही म्हणून वरण-भातावर आणलंय.

पातळ वरण आणि भात, संध्याकाळी चहा-खारी, यावर स्नायू टिकत नाहीत. या वयात वजनाच्या दर किलोला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या आजींना दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. ग्लासभर दुधात ८ ग्रॅमच्या आसपास, अंड्यात ६, वाटीभर घट्ट डाळीत ७, मूठभर शेंगदाण्यात ७, एका ज्वारीच्या भाकरीत ५. हिशोब केला की कळतं किती कमी पडतंय. दात नसतील तर शेंगदाण्याचा कूट, मऊ शिजवलेली मटकी, दुधात कुस्करलेली भाकरी, पिठलं. आणि कवळी बसत नसेल तर ती आधी दुरुस्त करा, अर्ध्या तक्रारी तिथंच असतात.

किडनीचा आजार असेल तर हे आकडे लागू नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच. पूर्ण शाकाहारी असतील किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी पडलं की तळव्याला जमीन नीट कळत नाही आणि तोल जातो.

१२. काठी कोणत्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतोय तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकदम पुढं. उंची : हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथं मूठ. खालचं रबरी बूच झिजलं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

खर्चाचं म्हणाल तर राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, चष्मा, कानाचं मशीन, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी खात्यावर ३००० रुपये मिळतात. चौकशी समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसात करा.

१३. दवाखान्यातून घरी आलेत, नातेवाईक म्हणतात महिनाभर आराम करू द्या.

डॉक्टरांनी स्पष्ट "हलवू नका" म्हटलं नसेल तर दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवा, जेवण खुर्चीत, संडासला चालत. धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका प्रयोगात पायातले जवळपास १ किलो स्नायू गेले होते, आजारी माणसाचं तर विचारूच नका. भेटायला येणाऱ्यांनी कॉटशेजारी बसण्यापेक्षा त्यांना अंगणापर्यंत चालवून आणावं. हार्ट अटॅक, मणक्याचं फ्रॅक्चर, पायातली रक्ताची गाठ यात मात्र आधी विचारून.

१४. आई-वडील गावी एकटे असतात आणि आम्ही पुण्यात. काय व्यवस्था करावी?

शेजारी एक किल्ली ठेवा. दिवसात ठरलेल्या दोन वेळा फोन, आणि उचलला नाही तर कोण जाऊन बघणार हे आधीच ठरलेलं. साधा बटणांचा मोबाईल गळ्यात, टेबलावर नाही. १०८ ॲम्ब्युलन्सचा आणि १४५६७ ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात.

आणि पडल्यावर उठायचं कसं हे दोघांनाही शिकवा, कॉटशेजारी सतरंजीवर सराव करून. कुशीवर वळायचं, मग रांगायच्या स्थितीत, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, मजबूत पाय पुढं, आणि वर. खुब्यात जोराची कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही, अंगावर काहीतरी घेऊन मदत येईपर्यंत पडून राहायचं.

एसटीनं ये-जा बंद करू नका. ७५ च्या वर प्रवास फुकट आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आहे, पण पहिली पायरी उंच असते, त्यासाठी प्र. ४ मधली उठ-बस आणि घरच्या पायरीवर चढ-उतार करून ठेवा.

१५. बाबांना विसरायला होतं. त्यांना पण सगळं स्वतः करू द्यायचं?

हालचाल हो, धोका नाही. अंघोळ, कपडे, चालणं, झाडांना पाणी हे त्यांनीच, फक्त क्रम लावून द्या, कपडे घालायच्या क्रमानं कॉटवर मांडून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. गॅस, गोळ्या, बँकेचे व्यवहार आणि गाडी तुमच्या देखरेखीखाली. खिशात नाव, पत्ता आणि फोनची चिठ्ठी.

गाडीचं सगळ्यांसाठीच सांगते. ५५ नंतर लायसन रिन्यू केलं की ५ वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, पण त्या तारखेची वाट बघू नका. स्कूटरवर नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, मान वळवून मागं न बघता येणं, यातलं काही दिसलं तर स्कूटर थांबवायची आणि त्याच दिवशी रिक्षावाला ठरवून द्यायचा, नाहीतर माणूस घरातच अडकतो.

१६. गेल्या आठवड्यापर्यंत सगळं करत होते आणि दोन दिवसांत एकदम बसून गेलेत. वय झालं म्हणायचं का?

नाही. वयानं महिन्यांत-वर्षांत फरक पडतो, दोन दिवसांत नाही. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, नवीन गोळी, पडल्यावर डोक्यात साठलेलं रक्त, काहीही असू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं, बोलणं अडखळत, एका बाजूचा हात-पाय लुळा असेल तर वेळ बघून ठेवा (शेवटचे ठीक कधी होते) आणि लगेच १०८. हा पक्षाघात असू शकतो, आणि त्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं सकाळी बघू म्हणू नका.

१७. आमच्याकडं उलटं आहे. नाना कुणाचं ऐकत नाहीत, ८१ व्या वर्षी शिडी लावून माळ्यावर चढतात.

ही मंडळी मला आवडतात, पण शिडी बंद. "तुमच्यानं होत नाही" असं म्हणू नका, माळ्यावरून त्यांना काय लागतं ते विचारा आणि ते सामान कमरेच्या उंचीच्या फळीवर आणून ठेवा. शिडी शेजाऱ्याकडं ठेवून या. बाकी त्यांची सायकल, त्यांचं रान, त्यांची बाजारची पिशवी याला हात लावू नका. फक्त पिशवी एकाऐवजी दोन करा, दोन्ही हातांत सारखं वजन.